काव्हाला की क्सांथी? जुनी घरं बघायला नक्की कुठे जायचं

ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीपर्यंत जाताय, पुढे एकच दिवस हातात आहे आणि जुनी घरं बघायची आहेत, मग काव्हाला करायचं की क्सांथी, हा प्रश्न खरंच अवघड आहे, कारण दोन्ही गावं एकमेकांपासून तासाभराच्या अंतरावर, दोन्ही तंबाखूवर श्रीमंत झालेली, दोन्हीकडे ऑटोमन काळातलं जुनं गाव टेकडीवर चढत गेलेलं, फरसबंदी गल्ल्या आणि वरच्या मजल्यावरून रस्त्यावर आलेले लाकडी सज्जे. फोटो बघितले तर फरक कळतच नाही. प्रत्यक्षात फरक खूप आहे आणि तो कळला की निवड सोपी होते.

काव्हालाचं जुनं गाव म्हणजे पानागिया, समुद्रात घुसलेलं भूशिर, वर किल्ला. तिथलं बघायचं घर एकच आणि ते म्हणजे मेहमेत अलीचं. हा तोच मेहमेत अली, अल्बेनियन वंशाचा, काव्हालात जन्मलेला, तरुणपणी तंबाखूच्या व्यापारात असलेला, जो 1801 मध्ये इथल्या तुकडीबरोबर इजिप्तला गेला आणि 1805 मध्ये तिथला सुभेदार झाला, आणि त्याचं घराणं इजिप्तवर पार 1952 च्या क्रांतीपर्यंत टिकलं. घर 18व्या शतकाच्या शेवटचं आहे. खाली तबेला आणि कोठाराची जागा, वर राहायचं, पुरुषांकडची बाजू वेगळी आणि जनाना वेगळा, खिडक्यांना लाकडी जाळ्या, म्हणजे आतून रस्ता दिसतो पण रस्त्यावरून आतलं माणूस दिसत नाही. या धाटणीच्या घरांत खोल्यांच्या मधल्या दालनाला सोफा म्हणतात, ते नाव ऐकून मला आपल्याकडच्या वाड्यातला सोपाच आठवला. ऑटोमन घर चालायचं कसं, कोण कुठे बसायचं, पाहुणा कुठपर्यंत यायचा, हे समजून घ्यायचं असेल तर हे घर फार चांगलं आहे, आणि आत सामान कमी असल्यामुळे घराची रचनाच डोळ्यात भरते. समोर त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. त्याच उतारावर त्यानेच 1817 च्या सुमारास बांधायला घेतलेला इमारेत आहे, म्हणजे मदरसा आणि गरिबांसाठी अन्नछत्र, आता तिथे महागडं हॉटेल आहे, पण राहायचं नसेल तरी आतून दाखवतात, विचारून घ्या.

क्सांथीचं सगळं नंतरचं. 1829 मध्ये लागोपाठ भूकंप झाले आणि गाव जवळजवळ जमीनदोस्त झालं, मग ते नव्याने बांधलं गेलं आणि नेमक्या त्याच पुढच्या काही दशकांत तंबाखूचा पैसा धो धो आला. इथली तंबाखूची जात बास्मा, पान अगदी लहान, वासाला भारी, युरोपभर मागणी. त्यामुळे क्सांथीत तुम्हाला एक घर नाही, अख्ख्या गल्ल्याच्या गल्ल्या मिळतात व्यापाऱ्यांच्या घरांच्या, आणि माझ्या मते हीच क्सांथीची मोठी जमेची बाजू. त्यातलं आतून बघण्यासारखं म्हणजे कुयुमत्झोग्लू घर, तंबाखूचे व्यापारी असलेल्या दोन भावांनी 19व्या शतकात बांधलेलं जुळं घर, दोन्ही अर्धे भाग सारखे. आता तिथे लोकजीवनाचं म्युझियम आहे. रंगवलेली छतं, भरतकाम, कपडे, दागिने, तंबाखूच्या कामाची अवजारं असं सगळं आहे. काव्हालाचं घर रस्त्यापासून स्वतःला झाकून घेतं, हे घर उलट रस्त्याला तोंड देऊन उभं आहे, दर्शनी भाग सजवलेला, आलेल्या गेलेल्याने बघावं म्हणूनच. मध्ये जेमतेम एक आयुष्याएवढा काळ गेलाय, पण घरात राहणाऱ्यांची जगाकडे बघायची पद्धत केवढी बदलली ते या दोन घरांवरून लख्ख दिसतं. म्हणून जमलंच तर दोन्ही बघा, आधी काव्हाला आणि मग क्सांथी, या क्रमाने.

क्सांथीत अजून एक घर चुकवू नका, संगीतकार मानोस हात्झिदाकिसचं. 1925 मध्ये तो या गावात जन्मला, वडील क्रीटचे वकील, आई आद्रियानोपलची म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एदिर्नेची, आणि पियानो शिकवायला आर्मेनियन बाई. एका मुलाच्या बालपणात एवढं सगळं. 1932 मध्ये तो आईबरोबर अथेन्सला गेला. घर मोठं, देखणं, आता सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी वापरतात.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यामुळे मी क्सांथीच्या बाजूने आहे. 1923 मध्ये लोझानच्या कराराने ग्रीस आणि तुर्कस्तानने माणसांची अदलाबदल केली, ग्रीसमधले मुसलमान तिकडे आणि तिकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन इकडे. यातून इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे, म्हणजे ग्रीसच्या ईशान्य टोकाच्या भागातले मुसलमान वगळले. थ्रेस सुरू होतं नेस्तोस नदीच्या पलीकडे. काव्हाला नदीच्या अलीकडे आणि क्सांथी पलीकडे, बस एवढाच फरक, आणि त्यामुळे काव्हालातले मुसलमान गाव सोडून गेले, त्यांच्या जागी आशिया मायनरचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले निर्वासित आले, इमारेतमध्येसुद्धा कुटुंबं राहिली, आणि क्सांथीत मात्र तुर्की बोलणारे आणि डोंगरातले पोमाक, म्हणजे स्लाव्ह भाषा बोलणारे मुसलमान, ते आजही तिथेच आहेत. जुन्या गावातल्या मशिदीत आजही नमाज होते. शनिवारी मोठा बाजार भरतो, डोंगरातल्या गावांतून बायका येतात, चार भाषा कानावर पडतात. काव्हालात तुम्ही बहुभाषिक गाव होतं असं वाचता, क्सांथीत ते ऐकता. ज्यू मात्र दोन्हीकडचे गेले, मार्च 1943 मध्ये तिथे ताबा असलेल्या बल्गेरियन सत्तेने एका रात्रीत घरांतून उचलले आणि त्रेब्लिंकाला, पोलंडमधल्या नाझींच्या मृत्युछावणीत पाठवले. दोन्ही गावांतल्या सुंदर दारांसमोर उभं राहताना हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

काव्हालाला जाणाऱ्यांनी अजून एक करावं, पानागियातून खाली उतरून नव्या गावात या, तिथे हंगेरियन तंबाखू व्यापारी हेर्झोगने बांधलेलं घर आहे, छोट्या किल्ल्यासारखं, आता नगरपालिका तिथे आहे. एकाच गावात मेहमेत अलीचं जाळीवालं घर आणि हे, हा विरोधाभास क्सांथीत मिळत नाही. तंबाखूचं म्युझियमही काव्हालात चांगलं आहे.

मुलं बरोबर असतील, समुद्र हवा असेल, थासोस बेटाची फेरी पकडायची असेल किंवा फिलिप्पी या प्राचीन शहराचे अवशेष बघायचे असतील तर सरळ काव्हाला, वाद नाही. फक्त घरं आणि गल्ल्या, निवांत तीन-चार तास पायी, तर क्सांथी, आणि शक्यतो शनिवारी, सकाळी बाजार आणि दुपारनंतर जुनं गाव. चढ दोन्हीकडे आहे, दगडी फरशी पावसात घसरते, गुडघे दुखणाऱ्या आईबाबांना घेऊन जात असाल तर बूट नीट बघा. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा, बंद दारापुढून परत यायला लागलं तर दिवस फुकट जातो. आणि क्सांथीतून निघताना कार्योकेस घ्या, अक्रोड आणि चॉकलेटची मिठाई, परतीच्या बसमध्येच संपते.