कुळथाचं पीठ: मटणाला सुट्टी देणाऱ्या घराने कोणतं घ्यावं

पोट साफ होत नाही, जेवल्यावर जड वाटतं, म्हणून वशाट (मांस-मच्छी) कमी करायचं ठरवलं की कोकणातल्या घरात पहिली आठवण होते ती कुळथाच्या पिठीची, म्हणजे कुळथाच्या पिठाच्या पातळ आमटीची. सावंतवाडी, कुडाळ, कणकवलीच्या बाजारात आणि महामार्गालगतच्या कोकणी मेव्याच्या दुकानांत हे पीठ अर्ध्या आणि एक किलोच्या पाकिटांत बारमाही मिळतं. पण ते सगळं एकसारखं नसतं, आणि पाकिटावर छापलेलं सगळं खरंही नसतं.

बाजारात मुख्यतः तीन तऱ्हा दिसतात. पहिलं साल काढून दळलेलं पीठ. यासाठी कुळीथ भाजून भरडतात, पाखडून साल उडवतात आणि मग डाळ दळतात. हे फिकट तपकिरी आणि बारीक असतं. याची पिठी गुळगुळीत होते आणि बहुतेकांना हीच चव ओळखीची असते. दुसरं सालीसकट दळलेलं. हे गडद आणि किंचित रवाळ असतं, जिभेवर थोडा कडवटपणा रेंगाळतो. तिसरं म्हणजे मीठ, मिरची, सुका लसूण आणि कोकमाची पूड घातलेलं तयार मिश्रण, म्हणजे ‘फक्त पाणी घाला आणि उकळा’ छापाचं.

पोटासाठी घेत असाल तर दुसरं घ्या. मांसात अन्नातले तंतू (फायबर) अजिबात नसतात. मोठ्या माणसाला दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू लागतात, ते धान्य, कडधान्य, भाजी आणि फळांतूनच यायला हवेत. कुळथातले बरेचसे तंतू सालीतच असतात. साल पाखडून टाकलेलं पीठ चवीला सरस असलं तरी बद्धकोष्ठावर त्याचा उपयोग कमीच. चव सोडवत नसेल तर दोन्ही पिठं निम्मी-निम्मी मिसळावीत. सालीचा कडवटपणा आमसुलाच्या आंबटपणात बराच झाकला जातो. तयार मिश्रणाच्या वाट्याला मात्र जाऊ नये. मीठ आपल्या हातात राहत नाही, आणि रक्तदाबवाल्यांच्या घरात तेवढ्यासाठीच ते बाद ठरतं. शिवाय त्यातल्या सुक्या लसणाला ठेचून फोडणीत टाकलेल्या लसणाची सर येत नाही.

पीठ घेताना आधी वास घ्यावा. नीट भाजलेल्या कुळथाच्या पिठाला खमंग, किंचित मातकट वास असतो. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहावं. उग्र, कच्चट लागलं तर भाजणी कमी पडली आहे, आणि अशी पिठी कितीही उकळली तरी कच्चीच लागते. करपट लागलं तर भट्टीवर घाईने भाजलं आहे. रंग बेसनासारखा पिवळा दिसला तर हरभऱ्याच्या पिठाची भेसळ असू शकते. खडा ही कुळथाची जुनी तक्रार, कारण मळणी जमिनीवर होते आणि बारीक रेव दाण्यांत मिसळते. ती ओळखायला चमचाभर पीठ पेलाभर पाण्यात ढवळून दोन-तीन सेकंद थांबावं आणि वरचं पाणी हळूच ओतून द्यावं. तळाशी बोटाला करकरीत काही लागलं तर त्या दुकानात पुन्हा जाऊ नये. पाकिटावर दळल्याची तारीख आणि अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक असावा. ‘मुतखडा विरघळवते’ असं छापलेलं असेल तर ते वाचून सोडून द्यावं. मुतखड्यावर कुळथाचं कढण पिण्याची पद्धत जुनी आहे, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाकिटाचं नव्हे, डॉक्टरांचं ऐकावं.

आता पिठी. चार माणसांना चार सपाट मोठे चमचे, म्हणजे साधारण 40 ग्रॅम पीठ आणि पाऊण लिटर पाणी. पीठ आधी वाटीभर थंड पाण्यात कालवून घ्यायचं. थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर पिठाचा बाहेरचा थर लगेच शिजून आवळतो, आत कोरडं राहतं आणि गुठळ्या होतात. तेलात मोहरी, हिंग, सहा-सात ठेचलेल्या लसूण पाकळ्या, मिरची आणि कांदा परतून उरलेलं पाणी घालावं. उकळी आली की कालवलेलं पीठ एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहावं. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. तीन-चार आमसुलं आणि ओलं खोबरं शेवटी. भांडं मातीचं किंवा स्टीलचं घ्यावं, लोखंडात किंवा ॲल्युमिनियममध्ये आमसूल घालून ठेवू नये. गार होताना पिठी घट्ट होतेच, म्हणून चुलीवरून उतरवताना वाटते त्याहून थोडी पातळ ठेवावी. सोबत उकड्या तांदळाचा भात.

याच हिशोबात एक मेख आहे. कुळथात 100 ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात खरी, पण 40 ग्रॅम पीठ चौघांत वाटलं की माणशी जेमतेम दोन ग्रॅम पडतात. 100 ग्रॅम कच्च्या मटणात 20 ग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे पिठी-भात हे मटणाच्या जेवणाची जागा घेऊ शकत नाही, ते हलकं जेवण आहे. रात्रीला उत्तम, पण मटण बंद करून दोन्ही वेळा पिठी-भातच खाल्ला तर दोन तासांनी भूक लागते, मग चिवडा-फरसाणाचा डबा उघडतो आणि पोट पहिल्यापेक्षा बिघडतं. दोष पिठाला देतात, खरं तर चुकतो हिशोब.

म्हणून पिठाच्या पाकिटासोबत अख्खे कुळीथही घ्यावेत. चौघांना 200 ग्रॅम कुळथाची उसळ केली तर माणशी 11 ग्रॅम प्रथिनं मिळतात, तीही सालीसकट. दहा-बारा तास भिजवून ते पाणी फेकून द्यायचं, कारण गॅस करणाऱ्या शर्करांचा काही भाग त्यात उतरतो. मग फडक्यात बांधून दीड दिवस मोड आणायचे. न फुगलेले दाणे निवडून काढावेत, ते कुकरमध्येही शिजत नाहीत आणि दाताखाली आले तर दात जायचा. पाच-सहा शिट्ट्या. आमसूल दाणे शिजल्यावरच घालावं, आधी घातलं तर आंबटपणामुळे दाणा कडकच राहतो. शिजवलेलं पाणी ओतून न देता त्याचं कढण करावं. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यालाही हीच रीत.

गटारीला मटणावर आडवा हात मारून दुसऱ्या दिवसापासून रोज कडधान्य, हा आपल्याकडचा श्रावणातला नेम. त्याने पोट फुगतं, आणि मग ‘शिवराक (शाकाहारी) जेवण मानवत नाही’ असा निष्कर्ष निघतो. आतड्यातल्या जिवाणूंना वाढीव तंतूंची सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. आधी आठवड्यातून दोनदा अर्धी वाटी उसळ, मग हळूहळू वाढवावी, आणि पाणी वाढवायला विसरू नये. पाण्याशिवाय तंतू वाढवले तर बद्धकोष्ठ उलट घट्ट होतं.

मासे सोडायची गरज बहुतेकांना नसते. आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खाणाऱ्याला बी-12 ची चिंता सहसा नसते. मासे, अंडी, दूध सगळंच बंद करणाऱ्याने मात्र रक्त तपासून घ्यावं, कारण बी-12 कुळथात नाही. कमी करायचंच तर आधी गोठवलेले नगेट्स आणि सॉसेज थांबवावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली प्रक्रिया केलेलं मांस थेट कर्करोगकारक गटात टाकलं आहे.

किमतीचं म्हणाल तर पाकिटापेक्षा अख्खे कुळीथ घेऊन दळून आणणं स्वस्त पडतं, आणि भाजणी आपल्या हातात राहते. पाव-पाव किलोचा घाणा मध्यम आचेवर साल तडकेपर्यंत भाजावा. गिरणीतून आलेलं गरम पीठ लगेच डब्यात भरू नये, वाफ आत धरते आणि बुरशी येते. परातीत पसरून पूर्ण निवू द्यावं. पावसाळ्यात कोकणच्या दमट हवेत पीठ लवकर सर्द होतं आणि टोके (बारीक किडे) पडतात, त्यामुळे मे महिन्यात वर्षाचं पीठ करून ठेवण्यापेक्षा कुळीथ वाळवून ठेवावेत, पीठ महिन्यापुरतंच दळावं आणि ते फ्रिजमध्ये ठेवावं.