बक्षीस सोन्याला मिळालं, मी पातं बघत बसलो

संभाजीनगरच्या हस्तकला प्रदर्शनात पैठणी आणि हिमरूची गर्दी मागं टाकली की पार कोपऱ्यात उदयपूरच्या कोफ्तगारीचा, म्हणजे पोलादावर सोन्या-चांदीची तार ठोकून केलेल्या नक्षीचा, गाळा लागतो. काळ्या मखमलीवर तलवारी, जंबिये (वाकड्या पात्याचे खंजीर), कट्यारी मांडलेल्या, आणि मागच्या पडद्यावर गाळ्याच्या कारागिराला, उस्तादांना, मिळालेल्या राष्ट्रीय हस्तकला पुरस्काराचं ताम्रपत्र. केंद्र सरकार हा पुरस्कार १९६५ पासून देतं, म्हणजे मान मोठाच. पण ताम्रपत्र बघून मान डोलवणाऱ्यांतला मी नव्हे. वाळूजच्या टूलरूममध्ये हीट ट्रीटमेंटवर, म्हणजे पोलाद तापवून-थंड करून कडक करण्याच्या कामावर, माझी सगळी नोकरी झाली. चकाकणारं पोलाद दिसलं की आधी शंकाच येते.

खिशातलं भिंग काढलं आणि सगळ्यात भारी तलवारीची मूठ मागितली. उस्तादांनी काही न बोलता हातात दिली, तिथंच अर्धा खूश झालो.

आपल्याकडं बिदरी सगळ्यांनी पाहिलेली असते. बिदरीत जस्ताच्या भांड्यावर खाच कोरतात आणि चांदीची तार त्या खाचेत ठोकून बसवतात. कोफ्तगारीत खाच नसतेच. पोलादावर धारदार छिन्नीनं आडवेतिडवे इतके बारीक चिरे मारतात की पृष्ठभाग कानशीसारखा खरखरीत होतो. त्यावर केसाएवढी सोन्याची तार पसरायची आणि हलक्या हातोडीनं ठोकायची, मऊ सोनं त्या चिऱ्यांत रुतून बसतं. मग तापवून पुन्हा ठोकायचं आणि शेवटी अकीकाच्या दगडानं घोटायचं. काम कच्चं असलं तर दोन ठिकाणी पकडलं जातं. नक्षीच्या बाहेर चिऱ्यांची जाळी तशीच दिसते, आणि तारांची टोकं उचललेली असतात. मी सुती रुमाल मुठीवरून उलटसुलट फिरवला. एक धागा अडकला नाही. भिंगाखाली वेलीची पानं दिसली, पानाच्या शिरा दिसल्या, आणि दोन पानांमधली जागा आरशासारखी घोटलेली. बक्षीस कशाला मिळालं ते कळलं.

पण माझा खरा प्रश्न वेगळा होता. मुठीला लागून पात्याची पहिली चार बोटं निळ्या रंगावर सोन्यानं मढवलेली होती. पोलादावर हा निळा रंग चढतो तो ३०० अंशांच्या आसपास. एवढी आच पुढं धारेपर्यंत गेली तर पात्याला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरणार नाही का? विचारलं तसे उस्ताद हसले. म्हणाले, नक्षीच्या पुढचं सगळं पातं ओल्या कापडात गुंडाळायचं, कापड सुकू द्यायचं नाही, आणि आच फक्त तेवढ्या चार बोटांना. जे आम्ही कारखान्यात डायवर (पोलादी साच्यावर) करायचो तेच! त्यांनी सोबतचं बिननक्षीचं पातं दिलं आणि मुठीत जाणाऱ्या शेपटीवर व टोकाजवळच्या पाठीवर कानस मारून बघायला सांगितलं. शेपटीवर कानस धरली, टोकाकडं सरळ घसरली. शेपटी मऊ आणि पातं कडक, असंच पाहिजे. वाकवून सोडलं तर रेषेत परत आलं. माल विचारला तर ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही, घिसाडी लोक पिढ्यानपिढ्या त्याच पाट्याच्या कोयत्या-विळ्या करत आलेत.

तलवारीची मूठ पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला बारीक वाटली, "तीन बोटंच मावतात" म्हणून तो कुरकुरत होता. अहो, ती तशीच असते. पहिलं बोट आडव्या दांडीवरून पुढं टाकायचं, आणि मागची कटोरी मनगटाला टेकते. त्यामुळं मनगट झटकून वार होत नाही, खांद्यातून ओढून करावा लागतो. मूठ आणि पातं जोडायलाही खिळा नाही. पोकळ मुठीत लाख आणि विटेची पूड भरायची, पात्याची शेपटी तापवून आत दाबायची, गार झालं की पक्कं. फक्त आपल्या मे महिन्यात बंद गाडीत तलवार ठेवून लग्नाला जाऊ नका, लाख ढिली पडू शकते.

पातं एकाचं आणि मूठ दुसऱ्याची, ही रीत जुनीच. राज्य सरकारनं २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून आणलेली रघुजी भोसल्यांची तलवार घ्या. पातं युरोपातलं, मुठीवर सोन्याची नक्षी, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याची अक्षरं.

शेजारच्या एका गाळ्यावर मात्र डोकं फिरलं. पाण्याच्या लहरी दिसणाऱ्या सुऱ्या "असली दमास्कस, निजामाच्या काळातलं पोलाद" म्हणून विकत होते. दोन जातींच्या पोलादाचे थर भट्टीत एकत्र ठोकून अ‍ॅसिडनं उठवलेली नक्षी ती. चांगलीही असते, पण तसं सांगा ना. जुनं जौहरदार (लहरींचं) पोलाद मुशीत वितळवून व्हायचं, कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, आणि लहरी त्याच्या अंगातच असायच्या. ते जिथून बाहेर देशी जायचं त्यातलं एक गाव, कोनासमुद्रम, आपल्या नांदेडच्या शेजारी निजामाबाद जिल्ह्यात आहे. मराठवाड्यात उभं राहून मराठवाड्याच्या माणसाला हे ऐकवायचं म्हणजे कमाल झाली.

आता पैशाचं. सोन्याच्या तलवारीची किंमत ऐकून मी तिला हात जोडले. चांदीच्या तारेचं काम निम्म्याहून स्वस्त, आणि कारागिरीत मला फरक दिसला नाही. घासाघीस करू नका, उस्ताद गप्प बसतात आणि आपल्यालाच ओशाळं होतं. तलवारीला धार लावलेली नसते, पावती मिळते. धारेची मागू नका. ९ इंचांहून लांब पात्याची शस्त्रं शस्त्र नियमांत येतात, आणि मिरवणुकीत नाचवली तर पोलीस पावती बघत बसत नाहीत.

मी खंडेनवमीच्या पूजेसाठी चांदीच्या कामाची कट्यार घेतली, ७ इंची पात्याची. कामात खोट नाही. म्यान मात्र रद्दी आहे. पातळ लाकडावर डिंकानं चिकटवलेली लाल मखमल, आणि आतून ओलसर वास. असल्या म्यानात पोलाद ठेवलं तर एका पावसाळ्यात तांबेरा धरेल. एवढ्या कामाला असलं म्यान का, असं विचारलं तर उस्ताद म्हणाले, म्यानं बाहेरून येतात. कट्यार सध्या खोबरेल लावून सुती फडक्यात ठेवली आहे. नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळ कृपाणांची म्यानं करणारे बसतात, त्यांच्याकडून चामड्याचं करून घेणार.