‘थांबा’ म्हटल्यावर पुढे काय होतं? केमिकल प्लांट की बांधकाम साइट, सेफ्टीची नोकरी निवडताना

सेफ्टीचा, म्हणजे औद्योगिक सुरक्षेचा, वर्षभराचा डिप्लोमा पदरात पडला की समोर साधारण दोन प्रकारच्या नोकऱ्या येतात. एक लोटे, महाड, तारापूर, कुरकुंभ अशा एखाद्या एमआयडीसीतल्या केमिकल प्लांटची. दुसरी पुण्या-मुंबईत टॉवर उभे करणाऱ्या ठेकेदाराची. पगारात थोडाफार फरक असतो आणि बहुतेक जण त्यावरच ठरवून मोकळे होतात. मी दोन्हीकडे काम केलंय. माझ्या मते आधी एवढंच बघावं: तुम्ही ‘थांबा’ म्हणालात तर त्या जागी पुढे काय होतं?

साइटवर

स्लॅब भरायची रात्र घ्या. रेडीमिक्सच्या गाड्या गेटबाहेर रांगेत उभ्या, पंप चालू, आणि अगदी कडेच्या बीमवर एक जण सेफ्टी बेल्टचा हुक न लावता उभा. तुम्ही काम थांबवायला सांगता. साइट इंजिनीअर म्हणतो, मध्येच थांबलो तर कोल्ड जॉइंट (जुन्या-नव्या काँक्रीटमधला कच्चा सांधा) येईल, दोन गाड्यांचा माल वाया जाईल, तो तुमच्या नावावर टाकू का? धोका आहे की नाही यावर वादच नसतो, तो सगळ्यांना दिसतच असतो. वाद असतो पैशाचा आणि वेळेचा, आणि त्या वादात तुम्ही एकटे असता.

त्यातच तो कडेवरचा माणूस विचारतो, “साहब, हुक कहाँ लगाऊँ?” त्याचं बरोबर असतं. बेल्ट सगळ्यांना वाटलेले असतात, पण हुक अडकवायची दोरी, म्हणजे लाइफलाइन, कुणी ओढलेलीच नसते. मग तो शेजारच्या सळईला हुक अडकवतो आणि फोटोपुरती सेफ्टी होते. साइटवरचं निम्मं काम म्हणजे या प्रश्नाचं उत्तर आठ दिवस आधी, शटरिंगचं प्लॅनिंग चालू असताना देऊन ठेवणं. रात्री दोन वाजता ते देता येत नाही.

दुसरी डोकेदुखी माणसांची. पेटी ठेकेदाराची (मुख्य ठेकेदाराच्या हाताखालच्या छोट्या ठेकेदाराची) गँग पंधरा दिवसांनी बदलते. कालपर्यंत ज्यांना शिकवलं ते आज दुसऱ्या साइटवर, आणि आज आलेल्यांनी सहाव्या मजल्याची परांची पहिल्यांदाच पाहिलेली. टूलबॉक्स टॉक, म्हणजे काम सुरू होण्याआधीचं सेफ्टीचं छोटं बोलणं, हिंदीत करायचा, त्यातही निम्मे बंगाली किंवा उडिया बोलणारे. तुम्ही जिन्यात दिसलात की वरून शिट्टी येते आणि सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढतात. सुरुवातीला याचा राग येतो. नंतर कळतं की शिट्टी वाजतेय तोवर निदान हेल्मेट वर आणून ठेवलेली तरी आहेत.

स्लॅबमधल्या भोकांवर प्लायवूड ठोकलं की संध्याकाळपर्यंत ते शटरिंगवाल्यांनी उचललेलं असतं. पावसाळ्यात खोदकामाच्या बाजू ढासळतात, तात्पुरत्या वायरी पाण्यात लोळतात आणि 30 मिलिअँपिअरचं ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) सारखं ट्रिप होतं म्हणून कुणीतरी ते बायपास करून ठेवतं. रोज सकाळी हेच बघत फिरायचं. कंटाळवाणं आहे, पण साइटवर माणसं मरतात ती बहुतेक याच गोष्टींनी. मोठा अपघात झाला की मात्र देशभर बातमी होते. 1 ऑगस्ट 2023 च्या पहाटेआधी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर पुलाचे गर्डर चढवणारं यंत्र, गर्डर लाँचर, कोसळलं, 20 जण गेले.

प्लांटमध्ये

इथे ‘थांबा’ हा शब्दच वेगळा आहे. उष्णता सोडणारी रिअॅक्शन चालू असेल तर घाबरून अॅजिटेटर (माल ढवळणारा पंखा) बंद करणं हीच सर्वात मोठी चूक ठरू शकते. आत टाकलेला माल न मिसळता साचत राहतो, आणि कुणी अॅजिटेटर पुन्हा चालू केला की सगळी उष्णता एकदम बाहेर पडते. म्हणजे इथे थांबवायचं कसं, हा आधी केमिस्ट्रीचा प्रश्न. प्रॉडक्शनवाल्या केमिस्टशी तुम्हाला त्याच्या भाषेत बोलता आलं नाही, तर तो मान डोलावेल आणि त्याला हवं तेच करेल. मेकॅनिकलच्या मुलांना पहिलं वर्ष जड जातं ते यामुळेच.

आणि धोका दिसत नाही. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही, आणि तो बंद जागेत भरला की ऑक्सिजन कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण फार वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं.

एका शटडाउनमधली, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद असतानाची, गोष्ट सांगतो. व्हेसलमध्ये, म्हणजे मोठ्या बंद टाकीत, वेल्डर उतरायचा होता. परमिटवर (काम सुरू करायच्या लेखी परवानगीवर) ऑक्सिजन 20.8 टक्के लिहिलेला, म्हणजे अगदी छान. रीडिंग कुठे घेतलं विचारलं, तर म्हणे मॅनहोलवर. नळी लावून तळाला प्रोब सोडला तेव्हा आकडा 14 वर आला. नायट्रोजनचा व्हॉल्व्ह बंद होता, पण पास होत होता, म्हणजे आतून गळत होता, आणि लाइन पूर्ण बंद करणारी लोखंडी चकती, ब्लाइंड, मारलेलीच नव्हती. 19.5 च्या खाली माणूस आत सोडत नाहीत, इथे तर वेल्डर उतरलाच असता. आणि तो पडल्यावर त्याला काढायला बाहेरचा हेल्परही धावला असता, कारण बंदिस्त जागेत एकामागोमाग एक माणसं जातात ती अशीच. काम अडीच तास लांबलं. मेंटेनन्सचा इंजिनीअर आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. दुसऱ्या आठवड्यात मात्र त्याने स्वतः ब्लाइंडची यादी करून माझ्या टेबलावर ठेवली.

हा फरक मला मोठा वाटतो. प्लांटमधली माणसं टिकतात. आज चिडलेला ऑपरेटर वर्षभराने तुमचाच माणूस होतो, कारण तोही तिथेच असतो आणि तुम्हीही. साइटवर हे घडायच्या आत प्रोजेक्ट संपतो.

प्लांटचा खरा जाच कागदाचा. शटडाउनमध्ये दिवसाला तीस-चाळीस परमिट समोर येतात आणि विसाव्यानंतर सही आपोआप होऊ लागते. जागेवर न जाता केलेली सही एक दिवस महागात पडते, कारण अपघातानंतर पहिल्यांदा मागितलं जातं ते परमिटच. डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 ला आणि पुन्हा 23 मे 2024 ला स्फोट झाले, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. तुमच्या कुंपणापलीकडे लोक राहतात हे प्लांटमध्ये कधी विसरता येत नाही. साइटवर शेजाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा धुळीची नाही तर आवाजाची.

कायदा कोणाच्या बाजूने

कागदावर दोन्हीकडे. 1948 च्या कारखाना कायद्यात 1000 किंवा जास्त कामगार असले की सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता. धोका जास्त असलेल्या उद्योगांत सरकारला आकड्याची वाट न बघता सक्ती करता यायची. भोपाळनंतर 1987 च्या दुरुस्तीने घातक प्रक्रियांसाठी वेगळं प्रकरणच घातलं. बांधकामावर 1996 च्या कायद्याने हा आकडा 500 होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत तो साध्या कारखान्याला 500, घातक प्रक्रियेला 250 आणि बांधकामाला 250 झालाय. थोडक्यात, जागा वाढतील. जागा वाढल्या म्हणून अधिकार वाढतील असं मात्र समजू नका. सेफ्टी ऑफिसर हा इन्स्पेक्टर नाही, त्याला दंड करता येत नाही, तो मालकाच्याच पगारावर असतो.

मग कुठे जावं?

केमिस्ट्रीची भीती वाटत नसेल, तर पहिली तीन-चार वर्षं प्लांटमध्ये घालवा. तिथे धोका आधी कागदावर शोधायची सवय लागते, आणि ती घेऊन साइटवर गेलात तर ‘हुक कहाँ लगाऊँ’ची वेळ कमी येते. उलट प्रवास केलेले लोकही पाहिलेत. ते धीट असतात, पण सगळं डोळ्यांनी दिसेल असं धरून चालतात. सिव्हिलची पदवी असेल आणि दिवसभर ऊन-धूळ चालणार असेल, तर साइट वाईट नाही. माणसांना पटवण्याचं जे शिक्षण तिथे सहा महिन्यांत मिळतं, ते प्लांटमध्ये मिळायला फार वेळ जातो. घरी लहान मूल असेल तर आणखी एक हिशेब करा: प्लांटमध्ये फोन रात्री येतो, साइटमध्ये बदली दोन वर्षांनी येते. आखाती देशांत जायचं मनात असेल तर नेबॉश हे ब्रिटिश सेफ्टी सर्टिफिकेट बहुतेक ठिकाणी मागतात, ते दोन्हीकडे राहून करता येतं.

इंटरव्ह्यूत मात्र तीन गोष्टी विचाराच. रिपोर्टिंग कोणाला? कारखान्यांच्या नियमांत सेफ्टी ऑफिसरने थेट प्रमुखाच्या हाताखाली काम करायचं असतं. प्रॉडक्शन मॅनेजर किंवा प्रोजेक्ट मॅनेजरचं नाव पुढे आलं तर तुमचं ‘थांबा’ तिथेच अडणार. दुसरं, सेफ्टीबरोबर आणखी काय करावं लागेल? अॅडमिन, कँटीन, सिक्युरिटी अशी यादी सुरू झाली तर फेऱ्या मारायला तुम्हाला वेळ उरणार नाही. तिसरं, निअर मिसचं, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचं, रजिस्टर दाखवा म्हणा. काही ठिकाणी दाखवत नाहीत, ते एकवेळ ठीक. पण दाखवलं आणि अख्ख्या वर्षाच्या नोंदी एकाच अक्षरात, एकाच पेनाने केलेल्या निघाल्या, तर चहा पिऊन सरळ परतीची एसटी पकडा.