इमर्सिव्ह रीडर: वाचताना अडखळणारं मूल घरात असेल तर नक्की वापरा

भाच्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं जुळवून वाचणं त्याला जड जातं, म्हणून मायक्रोसॉफ्टचं इमर्सिव्ह रीडर हे वाचायला मदत करणारं साधन वापरायला घेतलं आणि आता भेटेल त्याला सांगत सुटलोय. वेगळं काही विकत घ्यायचं नाही. वर्डमध्ये व्ह्यू टॅबवर असतं, आणि एज ब्राउझरमध्ये लेख उघडून एफ९ दाबलं की बऱ्याच पानांवर चालू होतं, जाहिराती वगैरे सगळं गायब, फक्त मजकूर.

सगळ्यात भारी म्हणजे लाइन फोकस. एका वेळी १, ३ किंवा ५ ओळीच ठळक दिसतात, बाकीचं अंधारात, त्यामुळे मधेच ओळ हरवणं, तीच ओळ पुन्हा वाचणं हे खूप कमी झालं. शब्दांमधली जागा वाढवता येते, मागचा रंग बदलता येतो आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं रीड अलाउड लावलं की बोलला जाणारा शब्द उठून दिसतो, म्हणजे कान आणि डोळे सोबत चालतात. या मुलांची निम्मी ताकद अक्षरं जुळवण्यातच जाते हो, अर्थापर्यंत पोचेस्तोवर पोर दमलेलं असतं आणि आपण म्हणतो लक्ष नाही याचं! ऐकत वाचायला लागल्यापासून भाचा धड्यावर असे प्रश्न विचारतो की उत्तर द्यायला मलाच धडा परत वाचावा लागतो.

२०१६ मध्ये हे वननोट या नोट्स लिहायच्या ॲपसाठी लर्निंग टूल्स नावाने आलं, आता वर्ड, आउटलुक, टीम्स सगळीकडे आहे, आणि मला हेच फार महत्त्वाचं वाटतं. सगळ्यांकडे तेच असल्यामुळे वर्गात एकट्यानेच वेगळं यंत्र काढून बसावं लागत नाही. वेगळं दिसू नये म्हणून कितीतरी मुलं मदतच नाकारतात.

हे वाचायला शिकवत नाही हे मात्र लक्षात ठेवा, आवाज आणि अक्षर यांची सांगड घालून देणारं खास शिक्षण चालूच हवं. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना पिक्चर डिक्शनरी उपयोगी पडते, पण चित्र एकेका शब्दाला मिळतं, चार ओळींच्या किचकट वाक्याचं काय? ते लिहिणाऱ्यानेच सोपं करायला हवं. आणि शिक्षकांनो, ऑफिसवाल्यांनो, सूचनेचा फोटो नका पाठवू, टाइप करून पाठवा, फोटोतला मजकूर बहुतेक ठिकाणी असा थेट वाचून दाखवता येत नाही. ऐकून वाचलं म्हणजे कॉपी केली असंही कृपया म्हणू नका.

सुरुवात अभ्यासापासून नको, आवडीच्या विषयापासून करा. आवाजाचा वेग आणि रंग त्यालाच ठरवू द्या.