गेंगर संघात घ्यावा का? एका जुन्या भुताचे परीक्षण

पोकेमॉन या व्हिडिओ गेम मालिकेत भूत प्रकारचे लढवय्ये आता भरपूर झाले आहेत. परंतु १९९६ साली जपानमध्ये आलेल्या पहिल्या खेळांत हा प्रकार फक्त गॅस्टली, हॉंटर आणि गेंगर या एकाच घराण्याकडे होता. याच मालिकेतील ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ हे खेळ खेळणाऱ्यांनी हा जुना गेंगर आजही संघात घ्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्याची योग्यता केवळ त्याच्या माऱ्यावरून ठरवू नये. विरोधकाच्या कोणत्या चालीवर तो एक ओरखडाही न लागता मैदानात उतरू शकतो, यावरच त्याचे सारे यश अवलंबून असते आणि नेमकी हीच बाजू गेल्या काही वर्षांत दुबळी झाली आहे.

त्याचे मूळ आकडे पाहिले की स्वभाव लगेच लक्षात येतो. विशेष हल्ला १३० आणि वेग ११०, पण प्राणशक्ती ६०, बचाव ६० आणि विशेष बचाव अवघा ७५. शंभराव्या पातळीवर वेगाची पूर्ण जोपासना केली, तर त्याचा वेग ३५० होतो. तशाच तयारीचा गारचॉम्प हा दुसरा पोकेमॉन ३३३ वर थांबतो. म्हणजे पहिला वार बहुधा गेंगरचा असतो, पण तो वार निर्णायक ठरला नाही तर पुढचा घाव सोसण्याइतके बळ त्याच्या अंगात नसते. तो भूत आणि विष अशा दोन्ही प्रकारांचा असल्याने भुताची शॅडो बॉल आणि विषाची स्लज बॉम्ब या त्याच्या हक्काच्या दोन चाली. पोलाद प्रकारावर विषाचा काहीच परिणाम होत नाही आणि सामान्य प्रकारावर भुताच्या चाली चालत नाहीत, म्हणून तिसरी जागा या दोघांवरही भारी पडणाऱ्या मल्ल प्रकारच्या फोकस ब्लास्टला द्यावी लागते. तिची ताकद १२० असली तरी अचूकता ७० टक्केच आहे, आणि ऐन मोक्याला ती हुकते तेव्हा संपूर्ण डाव हातचा जातो, ही गेंगर खेळवणाऱ्या प्रत्येकाची खरीखुरी व्यथा आहे.

सामान्य आणि मल्ल या दोन प्रकारांच्या हल्ल्यांनी त्याला काडीचीही इजा होत नाही. ड्रॅगोनाइट हा पोकेमॉन एक्स्ट्रीम स्पीड या सामान्य प्रकारच्या चालीने एकामागून एक गडी बाद करत सुटला असेल, तर गेंगर त्याच्यासमोर निर्धास्त उभा राहतो. कोणी रॅपिड स्पिन या सामान्य प्रकारच्याच चालीने आपल्या बाजूचे सापळे साफ करू पाहत असेल, तर गेंगरला उतरवून ती चाल वाया घालवता येते. विष आणि कीटक प्रकारांचे हल्ले त्याच्यावर चतुर्थांश परिणाम करतात, वनस्पती आणि परी प्रकारांचे निम्मा.

लेव्हिटेट ही त्याची अंगभूत क्षमता मात्र गेली, आणि ती हानी मोठी आहे. २००२ सालच्या, खेळांच्या तिसऱ्या पिढीपासून गेंगर अधांतरी तरंगत असे, त्यामुळे जमिनीच्या चालींचा त्याला स्पर्शही होत नसे. गारचॉम्पने चॉइस बँड (मारा वाढवणारी, पण एकाच चालीत अडकवणारी वस्तू) बांधून अर्थक्वेक ही जमिनीची चाल मारली, की तो त्याच एका चालीत अडकायचा. त्या क्षणी गेंगरला आत घ्यायचे, विरोधक माघारी वळणार हे ओळखून पुढच्याच फेरीत सबस्टिट्यूट (आपल्याऐवजी घाव झेलणारा बाहुला) उभा करायचा किंवा येणाऱ्या गड्यावर थेट मारा करायचा. एका नेमक्या बदलावर डाव फिरत असे. २०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’पासून लेव्हिटेटच्या जागी कर्स्ड बॉडी आली. अंगावर आलेली चाल काही काळ बंद पाडण्याची ३० टक्के शक्यता ती देते, पण त्यासाठी आधी तो घाव अंगावर घ्यावा लागतो, आणि घाव सोसणेच गेंगरला जमत नाही. एका हक्काच्या प्रवेशद्वाराच्या बदल्यात त्याच्या पदरात नशिबाचा खेळ पडला, असे मला मनापासून वाटते.

आता मन, भूत, अंधार आणि जमीन असे चार प्रकार त्याला भारी पडतात. समोरही गेंगरच असेल आणि दोघांचा वेग सारखा असेल, तर ज्याचा शॅडो बॉल आधी सुटतो तो जिंकतो, दुसऱ्याला संधीच मिळत नाही. फ्लटर मेन या पोकेमॉनचा मूळ वेग १३५ आणि ड्रॅगापल्टचा १४२ असल्याने तिथे पहिला वारही गेंगरच्या वाट्याला येत नाही. ब्लिसी हा पोकेमॉन त्याचे विशेष हल्ले सहज पचवतो. किंगँबिट या अंधार प्रकारच्या पोकेमॉनशी गाठ पडल्यावर मात्र डोके शांत ठेवावे: त्याची सकर पंच ही चाल समोरचा हल्ला करणार असेल तरच लागू पडते, म्हणून हल्ल्याची घाई न करता विल-ओ-विस्पने त्याला भाजावे. ती लागली तर त्याचा शारीरिक मारा निम्म्यावर येतो.

चौथ्या जागेसाठी विल-ओ-विस्प नको असेल, तर डेस्टिनी बाँड (आपल्याला बाद करणाऱ्यालाही बाद करणारी चाल) घ्यावी आणि हाती फोकस सॅश ही वस्तू द्यावी. पूर्ण प्राणशक्ती असताना आलेला प्राणघातक घाव सॅशमुळे एका अंकावर थांबतो आणि पुढच्या फेरीत मारणाऱ्यालाही सोबत नेता येते. मैदानात स्टेल्थ रॉक हे टोकदार दगडांचे सापळे पसरलेले असतील तर उतरतानाच थोडी प्राणशक्ती जाते आणि सॅश निरुपयोगी ठरतो, तेव्हा हा गेंगर पहिल्याच फेरीत उतरवावा.

२०१३ साली आलेले मेगा रूप, म्हणजे लढाईपुरते मिळणारे बलाढ्य रूप, वेगळ्याच पातळीचे होते. विशेष हल्ला १७०, वेग १३०, शिवाय शॅडो टॅग या क्षमतेमुळे समोरच्याला सहसा गडी बदलून निसटता येत नसे. ‘स्कार्लेट’मध्ये ते रूप नाही, त्यामुळे त्या आठवणींवर विसंबून संघ बांधू नये.

हॉंटरचा गेंगर करण्यासाठी दुसऱ्या खेळाडूशी अदलाबदल करावी लागते. तशी सोय नसेल तर कथाभागापुरता हॉंटरच वापरावा. त्याचा विशेष हल्ला ११५ आणि वेग ९५ आहे, शरीर गेंगरपेक्षाही नाजूक आहे, पण लेव्हिटेट त्याच्याकडे अजून शाबूत आहे आणि अर्थक्वेकवर तो आजही बिनधास्त उतरू शकतो.