मूठ पितळेची आहे, पण डोकं कशाचं? तीन सेफ्टी रेझर, एक पावसाळा आणि खारी हवा

सेफ्टी रेझर घ्यायला निघालेला माणूस हमखास विचारतो: झमॅकचा, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचा, स्वस्तातला घेतला तर टिकेल का, की सरळ पितळ किंवा स्टीलला पैसे घालावेत? मी रत्नागिरीत राहतो, घरातून समुद्राची गाज ऐकू येते. इथे खिडकीचे गज, कुलपं, सायकलची चेन, सगळ्यांवर हवाच काम करत असते. त्यामुळे धातू टिकतो की नाही हे बघायला ही जागा बरी. गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून तीन धातूंचे तीन रेझर मी आलटूनपालटून वापरतोय, आणि आता स्पष्ट मत द्यायला हरकत नाही.

धातूने फरक पडतो, पण जाहिरातीत ज्या भागाचा धातू सांगतात त्या भागात नाही. दांडा कशाचा आहे याने टिकाऊपणात जवळपास काही बदलत नाही. डोकं, म्हणजे ब्लेड धरणारी टोपी आणि तिच्याखालची प्लेट, कशाचं आहे, आणि त्यातही टोपीच्या पोटातून खाली येणारा स्क्रू कशाचा आहे, यावर सगळं ठरतं.

माझ्याकडचा पहिला रेझर ऑनलाइन घेतलेला, हजाराच्या आतला, तीन तुकड्यांचा: टोपी, खालची प्लेट, दांडा. नाव सांगत नाही, कारण या किमतीतले बहुतेक रेझर याच पद्धतीने बनतात. डबीवर 'ब्रास हँडल' असं ठळक छापलेलं, आणि दांडा खरोखरच पितळेचा. डोक्याच्या धातूबद्दल डबीवर एक अक्षर नाही. डोकं झमॅकचं, वर क्रोमचा मुलामा.

झमॅकला उगाच शिव्या घालू नयेत. तो मुळात जस्त. त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम आणि थोडं तांबं, मॅग्नेशियम. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने ही मिश्रधातूंची मालिका आणली. त्याआधीच्या जस्ताच्या ओतीव वस्तूंना एक वाईट रोग असायचा: जस्तात शिशाची भेसळ राहिली की काही वर्षांनी वस्तूला आतून भेगा पडायच्या आणि ती भुगा होऊन जायची. जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या अशाच गेल्या. ९९.९९ टक्के शुद्ध जस्त वापरायला लागल्यावर तो रोग आटोक्यात आला. शिवाय झमॅक ३८५ अंशांच्या आसपास वितळतो, पितळ ९००च्या वर, स्टील १४००च्या आसपास. कमी तापमानाला ओतता येतं म्हणून साचा लाखो नग काढतो आणि रेझर स्वस्त पडतो. जर्मनीतल्या म्यूलेचा आर८९ आणि शेफील्डच्या एडविन जॅगरचा डीई८९ हे जगभर नावाजलेले रेझर. त्यांची डोकी झमॅकचीच आहेत आणि दांडे पितळेचे. तेव्हा झमॅक म्हणजे टाकाऊ असं समीकरण मांडणं चूक आहे. नीट ओतलेला, नीट मुलामा चढवलेला झमॅक वर्षानुवर्षं चालतो.

अडचण मुलाम्याला भोक पडल्यावर सुरू होते. वरचा क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. तो चकाकी आणि कठीणपणा देतो, पण त्यात बारीक चिरा असतातच. गंज अडवण्याचं खरं काम खालचं निकेल करतं. माझ्या रेझरच्या खालच्या प्लेटला, ब्लेड टेकतं त्या कोपऱ्यात, श्रावणाच्या सुमारास टाचणीच्या टोकाएवढा फोड आला. नखाने दाबला तर मुलाम्याचा पोपडा निघाला आणि आत पांढरी भुकटी. गणपतीपर्यंत शेजारी आणखी दोन फोड. पितळी दांड्यावर मात्र त्याच काळात डाग म्हणावा असं काही नव्हतं.

याचं कारण मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. दोन धातू ओल्या अवस्थेत एकमेकांना टेकले की त्यांतला दुबळा धातू झिजतो. निकेल, क्रोम आणि स्टेनलेसचं ब्लेड, हे सगळे जस्तापेक्षा 'उच्च'. म्हणजे मुलाम्याला बारीक भोक पडलं की बाहेरच्या एवढ्या मोठ्या पृष्ठभागाचा सगळा मारा त्या टाचणीएवढ्या जस्तावर होतो. जस्त खाल्लं जातं, त्याची भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, आणि ती मुलाम्याला खालून उचलते. म्हणून फोड. त्यात खारी हवा आणि न सुकलेला साबण असेल तर विचारूच नका. पितळेचं तसं होत नाही. पितळ आणि निकेल या बाबतीत एकमेकांच्या बरेच जवळ आहेत, त्यामुळे पितळेवरचा मुलामा गेला तर तिथे पिवळा डाग दिसतो, क्वचित हिरवट होतो, आणि गोष्ट तिथेच थांबते.

दुसरा रेझर याचा जिवंत पुरावा आहे. मुंबईच्या चोरबाजारातून, मटण स्ट्रीटवरून घेतलेला जुना जिलेट टेक, 'मेड इन इंग्लंड' छापाचा. टेक १९३८ मध्ये आला आणि त्यानंतर कित्येक दशकं बनत राहिला. माझा नक्की कोणत्या वर्षीचा हे त्याच्यावर लिहिलेलं नाही, पण माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे यात शंका नाही. डोकं पितळेचं. टोपीच्या कडांवरचं निकेल पार उडालेलं, पितळ उघडं. एवढं असून प्लेट सपाट, आटे धारदार, ब्लेड दोन्ही बाजूंनी सारखं बसतं. कोकणातल्या पावसाने त्याचं एवढंच केलं की उघडं पितळ काळवंडलं आणि दाढी झाल्यावर बोटांना तो ओळखीचा तांब्यापितळेचा वास यायला लागला. पितळेचं दुखणं वेगळं आहे: ते मऊ असतं. असा रेझर फरशीवर पडला तर मोडणार नाही, पण प्लेटची कड वाकू शकते. ब्लेडची जाडी ०.१ मिलिमीटर. कडेला केसभर वाक आला तरी एका बाजूने ओरखडे यायला लागतात. जुना पितळी रेझर घेताना ब्लेड बसवून, समोरून उजेडात धरून दोन्ही बाजूंची फट सारखी आहे का हे पाहूनच घ्या. मुलामा गेलाय याची काळजी करू नका.

तिसरा ३१६एल स्टेनलेसचा, मशीनवर कापून काढलेला, किमतीला पहिल्याच्या कित्येक पट. त्याच्यावर मुलामाच नाही, त्यामुळे उडायला काही नाही. स्टेनलेसवर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य थर असतो आणि ओरखडा पडला की तो आपोआप पुन्हा धरतो. पण स्टील म्हटलं की सगळं एकच असं धरून चालू नका. ३०३ या प्रकारात कापायला सोपं जावं म्हणून गंधक घातलेलं असतं आणि त्यामुळे गंजाशी झुंजण्याची त्याची ताकद कमी होते. ३१६ मध्ये (३१६एल त्यातलाच) २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला तोंड देतं. पुण्यात किंवा नाशकात राहणाऱ्याला हा फरक आयुष्यात कधी दिसणार नाही. समुद्रकाठी राहात असाल तर ३१६ आहे का हे जरूर विचारा. माझ्या रेझरवर अख्ख्या पावसाळ्यात एक डाग नाही. एकच खोड दिसली: स्टीलच्या आट्यात स्टीलचा आटा कोरडा फिरवला की तो कधी कधी धरून बसतो. व्हॅसलीनचा अगदी पुसट हात लावला की काम भागतं.

दाढी कशाने चांगली होते? धातूने नाही. कॅनडाच्या रॉकवेलने एकच रचना ६सी म्हणून झमॅकमध्ये आणि ६एस म्हणून ३१६एल स्टीलमध्ये काढली आहे. गालाला कळतो तो ब्लेडचा कोन, कडेबाहेर डोकावणारी धार आणि हातातलं वजन. म्हणून चांगल्या दाढीच्या आशेने स्टील घेऊ नका. टिकण्यासाठी घ्यायचं तर घ्या.

आता स्क्रूबद्दल, कारण झमॅकचे रेझर गंजून फार कमी मरतात, मोडून मरतात. टोपीसोबतच ओतलेला जस्ताचा बारीक स्क्रू, पितळेच्या दांड्यात रोज आवळायचा. पितळ त्याच्यापेक्षा कणखर, त्यामुळे झीज सगळी स्क्रूच्या आट्यांची. शिवाय जस्त सतत ताणाखाली असलं की साध्या तापमानालाही कणाकणाने ओढलं जातं. स्टील किंवा पितळ तसं वागत नाही. म्हणजे करकचून आवळून ठेवलेला रेझर वापरात नसतानाही स्क्रूला ताणत असतो. माझ्या धाकट्या भावाने तसाच रेझर सोलापुरात वापरला. तिकडे बोअरचं जड पाणी, रेझरच्या डोक्यावर क्षारांचा पांढरा थर बसायचा आणि तो काढायला भावजय देवाच्या उपकरणींबरोबर रेझरही चिंचेच्या पाण्यात टाकायची. पितळेच्या समईला चिंच उत्तम. उघड्या पडलेल्या जस्ताला कोणतंही आम्ल म्हणजे विष: चिंच, लिंबू, व्हिनेगर, सगळं. दिवाळीच्या सुमारास ब्लेड बदलताना स्क्रू मुळापासून तुटून दांड्यातच राहिला. आटे आधीच पांढरे पडून ठिसूळ झालेले होते.

झमॅकचा रेझर असेल तर त्याला फार काही लागत नाही. हाताने घट्ट वाटलं की थांबा. दाढीनंतर अर्धा फेरा सैल करून गरम पाण्याखाली धुवा, झटका, उभा ठेवा. आठवड्यातून एकदा तिन्ही तुकडे सुटे करून पंच्याने पुसा. क्षार बसले तर साबणाचं कोमट पाणी आणि जुना दात घासायचा ब्रश पुरे. पितांबरीसारखी पूड मुलाम्यावर घासू नका, ती उघड्या पितळेसाठी आहे.

नवीन घेणाऱ्याला माझं सांगणं असं. घाटावर राहात असाल, पाणी बरं असेल, तर चांगल्या नावाचा झमॅक डोक्याचा रेझर बिनधास्त घ्या. वाचलेल्या पैशात निरनिराळी ब्लेड आणून बघा, त्याने दाढीत जास्त फरक पडेल. किनाऱ्यावर असाल, किंवा रेझर न्हाणीघरात ओलाच राहणार असेल, तर डोकं पितळेचं किंवा स्टीलचं घ्या, दांडा कशाचाही असो. आणि झमॅकच घ्यायचा तर टोपीतला स्क्रू स्टीलचा वेगळा बसवलेला आहे का, हे विक्रेत्याला विचारा.

विक्रेत्याला सांगता आलं नाही तर लोक चुंबक लावून बघायला सांगतात. त्याचा इथे उपयोग नाही. झमॅक, पितळ आणि ३१६, तिघांनाही चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड किंवा दुसऱ्या प्रकारचं स्टील आहे एवढंच कळतं. त्यापेक्षा जुना रेझर घेताना दुकानदाराच्या परवानगीने स्क्रूच्या अगदी टोकावर, जिथे दिसणार नाही तिथे, बारीक कानस एकदा फिरवा. आत पिवळं निघालं तर पितळ. करडं निघालं आणि कानस लोण्यातून गेल्यासारखी गेली तर जस्त. करडं निघालं पण कानसेला चांगलाच जोर लावावा लागला, तर स्टील.