क्रोशाचं स्टार्टर किट: घ्यावं का, आणि घेतलं तर त्यातलं काय वापरावं

ऑनलाइन साधारण ५०० ते १००० रुपयांत मिळणाऱ्या क्रोशाच्या स्टार्टर किटमध्ये पन्नासेक वस्तू असतात. शिकणाऱ्याला त्यातल्या चारच लागतात: ४ मिमीची सुई, फिकट रंगाचा दोरा, दोन-तीन स्टिच मार्कर (टाक्यात अडकवायच्या छोट्या क्लिपा) आणि टोकं लपवायला बोथट, मोठ्या नाकाची सुई. या चार चांगल्या असतील तर किट चांगलं. बाकीचे आकडे फक्त जाहिरातीत मोठे दिसतात.

घरात लहान मूल असलेल्यांना हाच छंद सुचवावासा वाटतो, कारण तो मध्येच सोडता येतो. दोन सुयांच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर उघडी असते. मुलाने सुई ओढली की तीस-चाळीस टाके सुटतात आणि ते उचलणं नवशिक्याला जमत नाही. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा असतो. कुकरची शिट्टी झाली, कुणी हाक मारली, की तो फास दोन इंच मोठा ओढायचा, त्यात मार्कर अडकवायचा आणि उठायचं. मार्कर हाताशी नसेल तर सेफ्टी पिन चालते. परत बसल्यावर फास सुईवर घेऊन दोरा ओढला की काम जिथल्या तिथे सुरू. मेणबत्त्यांच्या किटमध्ये वितळलेल्या मेणापाशी थांबावंच लागतं, रेझिनला, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या रसायनाला, वास आणि हातमोजे आले. वीस मिनिटांच्या सवडीत ते बसत नाही.

आता सुया. किटमध्ये सहसा २ ते ६ मिमीच्या, रबरी मुठीच्या ॲल्युमिनियमच्या नऊ-दहा सुया येतात. मूठ जाड असल्यामुळे बोटं कमी दुखतात, हा खरा फायदा. दोष दोन ठिकाणी निघतो. पहिला हुकच्या टोकाशी: स्वस्त सुईच्या हुकवर साच्याची बारीक धार राहिलेली असते आणि ती प्रत्येक टाक्याला दोऱ्याचे तंतू उचकटते. सुई आली की आधी हुक जुन्या ओढणीवरून अलगद फिरवून पाहा. अडकला तर धार आहे. नखं घासायच्या बारीक फाईलने हलक्या हाताने घासली की ती जाते. दुसरा दोष मुठीत: आतला गोंद सुटतो, दांडा मुठीत गरगर फिरू लागतो, आणि मग घट्ट टाक्यात हुक वळवताच येत नाही. ही सुई दुरुस्त करत बसू नका, बदलून घ्या. माप रबरावर नुसतं छापलेलं असेल तर ते काही आठवड्यांत पुसलं जातं. धातूवर कोरलेलं माप असलेला संच घ्यावा.

खरी फसगत दोऱ्यात होते. किटमध्ये २०-२५ ग्रॅमचे पाच-सहा रंगीत गुंडे असतात, बहुतेक ॲक्रिलिक किंवा 'मिल्क कॉटन' नावाने विकला जाणारा मिश्र दोरा. मिल्क कॉटन हाताला मऊ लागतो, पण त्याला पीळ कमी असतो. हुक दोऱ्याखालून जाण्याऐवजी दोऱ्याच्या मधून जातो, अर्धेच तंतू वर येतात आणि टाका फाटल्यासारखा दिसतो. शिकणाऱ्याला वाटतं आपला हात वाईट आहे. हात नव्हे, दोरा वाईट असतो. शिवाय काळा, गडद निळा, मरून हे रंग शिकायला निरुपयोगी, कारण टाक्याचा वरचा व्ही आकार दिसत नाही आणि तो दिसला नाही तर टाके मोजता येत नाहीत. पहिला गुंडा पांढरट, पिवळा किंवा फिकट आकाशी घ्या, आठ पदरी आणि चांगला पीळ असलेला. आपल्याकडच्या उकाड्यात सुती दोराच बरा. घामेजल्या हातात ॲक्रिलिक सुईवर घासत, अडखळत सरकतं. आणि गरम पातेल्याखाली ठेवायची वस्तू ॲक्रिलिकची कधीच करू नये, ते वितळतं.

किट जोखायचं असेल तर त्यातून पेल्याखाली ठेवायचा एक गोल कोस्टर करून पाहावा. ४ मिमीची सुई, आठ पदरी सुती दोरा. मॅजिक रिंग, म्हणजे टोक ओढून घट्ट करता येणारी दोऱ्याची रिंग, करा. जमत नसेल तर ४ साखळ्या (एकातून एक ओढलेले फास) घालून स्लिप स्टिचने, म्हणजे उंची नसलेल्या जोडटाक्याने, जोडा, मध्ये बारीक छिद्र राहील एवढंच. दोऱ्याचं टोक १५ सेंटीमीटर मोकळं ठेवा. ३ साखळ्या घाला, हा पहिला खांब (सुईवर एक वेढा घेऊन घालायचा उंच टाका) धरायचा. रिंगमध्ये आणखी ११ खांब घाला, एकूण १२ झाले. तिसऱ्या साखळीत स्लिप स्टिच घालून फेरी बंद करा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन खांब, म्हणजे २४. तिसऱ्या फेरीत आळीपाळीने एकावर एक, पुढच्यावर दोन, म्हणजे ३६. साधारण १० सेंटीमीटरचा कोस्टर तयार. ५० ग्रॅमच्या गुंड्यात असे सहा सहज होतात आणि दोरा उरतो. टोक बोथट सुईने एका दिशेला ओवून थांबू नका. उलट फिरून पुन्हा ओवा, मग तिसऱ्यांदा. एकाच दिशेला ओवलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं.

कोस्टर टेबलावर सपाट बसला तर ठीक. कडा लाटांसारख्या उठल्या तर कुठेतरी जास्त खांब पडले आहेत, वाटीसारखा वर वळला तर कमी पडले आहेत किंवा हात घट्ट आहे. आधी मोजा: १२, २४, ३६. आकडे बरोबर असूनही वाटीच होत असेल तर सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्या, म्हणजे ४.५ ची. नऊ-दहा सुयांच्या संचाचा हा एक उपयोग मात्र मान्य करायला हवा.

चौकोनी कामात, म्हणजे भांडी पुसायच्या फडक्यात किंवा मफलरमध्ये, सगळ्यांची गाडी एकाच जागी अडते. ओळ उलटताना घातलेल्या ३ साखळ्या हा त्या ओळीचा पहिला खांब असतो. त्यामुळे पुढच्या ओळीचा शेवटचा खांब त्याच तिसऱ्या साखळीच्या माथ्यावर घालावा लागतो. तो राहून जातो, प्रत्येक ओळीत एक टाका कमी होतो आणि फडकं वर निमुळतं होत जातं. साखळ्या घातल्या की तिसरीत लगेच मार्कर अडकवा. मार्करचा याहून मोठा उपयोग नाही, आणि किटमधले वीस मार्कर त्यासाठी पुरून उरतात. मुक्या खांबाच्या, म्हणजे वेढा न घेता घातलेल्या बुटक्या टाक्याच्या, ओळीला मात्र उलटताना एकच साखळी घालतात आणि ती सहसा मोजत नाहीत.

सोबतचं माहितीपत्रक बहुतेक वेळा इंग्रजी आणि तोकडं असतं, किंवा व्हिडिओकडे नेणारा क्यूआर कोड असतो. इथे एक गोष्ट तपासून घ्यावी. पत्रकात 'सिंगल क्रोशे' हा शब्द असेल तर पद्धत अमेरिकन, आणि तो म्हणजे आपला मुका खांब. ब्रिटिश पद्धतीत हा शब्दच नाही. त्यांचं 'डबल क्रोशे' म्हणजे मुका खांब आणि 'ट्रेबल' म्हणजे आपला साधा खांब. पत्रक एका पद्धतीचं आणि व्हिडिओ दुसऱ्या पद्धतीचा असला की वस्तू नुसती बिघडते आणि बिघाडाचं कारण काही सापडत नाही. घरात आई, सासूबाई किंवा मावशीने रुखवतासाठी तोरणं, महिरपी केल्या असतील तर अर्धा तास त्यांच्याजवळ बसणं कुठल्याही पत्रकापेक्षा कामाचं. सुई धरायची पद्धत आणि दोरा डाव्या बोटांत ताणून धरणं या दोन गोष्टी हात पाहूनच लवकर समजतात.

बाहुल्यांचं, म्हणजे अमिगुरुमीचं किट मुलांच्या हट्टाखातर घेतलं जातं. पहिलं किट म्हणून ते घेऊ नये. सगळं काम मुक्या खांबांचं, घट्ट आणि गोल गोल फिरत जाणारं असतं, फेरी कुठे सुरू झाली ते मार्करशिवाय कळत नाही, आणि हात न बसलेल्या माणसाच्या टाक्यांतून आतला कापूस दिसतो. त्यात येणारे प्लास्टिकचे डोळे मागून चकतीने अडकवलेले असले तरी तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला लावू नयेत. टाके सैल झाले की डोळा चकतीसकट निघतो. काळ्या दोऱ्याने डोळे भरावेत, दिसतातही छान.

किट न घेता दुकानातून सुटं घेतलं तर? पुण्यात तुळशीबाग, मुंबईत दादर-भुलेश्वरच्या बाजूच्या लोकर-दोऱ्याच्या दुकानांत 'पोनी' कंपनीची एक साधी ॲल्युमिनियमची सुई, १०० ग्रॅम सुती दोरा आणि बोथट सुई मिळून साधारण ३०० रुपयांच्या आसपास काम होतं. दोरा हातात घेऊन पीळ पाहता येतो, हा सर्वांत मोठा फायदा. मूठ नाही म्हणून बोट दुखलं तर दांड्यावर पेन्सिलीची रबरी ग्रिप चढवा. स्वतः शिकायचं असेल तर हाच मार्ग. किट घ्यावं ते कुणाला भेट द्यायला, किंवा जवळपास असं दुकानच नसेल तेव्हा, आणि तेव्हाही सोबत १०० ग्रॅमचा एक फिकट सुती गुंडा वेगळा मागवून.

किट आल्या दिवशीच उघडा. सगळ्या सुयांचे हुक ओढणीवर फिरवा, मुठी पिळून पाहा, कात्री दोरा खरंच कापते का ते बघा आणि वर दिलेला कोस्टर परत करायच्या मुदतीतच पूर्ण करा.